सुवार्तेच्या कोर्समधून पश्चात्ताप गळला, तेव्हा आम्ही काय केलं

आमच्या मंडळीत सुवार्ता-कोर्स, म्हणजे येशूची ओळख करून देणाऱ्या बैठका, चालवायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी ती आनंदाने घेतली. कोर्स परदेशात तयार झालेला, मराठीत आणलेला, साहित्य फुकट, व्हिडिओ देखणे. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, एकत्र जेवायचं, व्हिडिओ बघायचा आणि मग गटागटाने बोलत बसायचं. कोल्हापुरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतली तरुण पोरं नाताळ आणि ईस्टर सोडून उपासनेला दिसत नाहीत. ती यावीत, मोकळेपणाने प्रश्न विचारावेत, एवढाच हेतू होता. पोरं आलीही. जेवणाच्या पंगतीत जी ओळख होते ती बाकांवर बसून होत नाही, हे मला तिथे कळलं आणि त्याबद्दल त्या कोर्सचे उपकार मी मानतो.

गटप्रमुखांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की पाप, न्याय, बाप्तिस्मा हे विषय सुरुवातीच्या बैठकांत काढू नका, लोक बिचकतात. मला ते पटलं होतं. माणूस ओळखीचा झाल्याशिवाय असलं बोलणं होत नाही. पण पुस्तिका शेवटपर्यंत वाचली तेव्हा ते विषय शेवटच्या बैठकांतही सापडेनात. एकटेपणा होता, कामाचा ताण होता, घरातली भांडणं होती आणि या सगळ्यात साथ देणारा येशू होता. वधस्तंभ होता, पण तो कशासाठी लागला हे नव्हतं. पुनरुत्थान एका परिच्छेदात उरकलेलं. शेवटच्या पानावर येशूला स्वीकारल्याचं निर्णयपत्र: नाव, मोबाइल नंबर, खूण करायला एक चौकट आणि खाली चार ओळींची प्रार्थना. खूण झालेली पत्रं मोजायची आणि आकडा वर कळवायचा.

आमच्या गटात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळणारा मुलगा होता. त्याच्याविषयी त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याने चौकटीत खूण केली, पत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "दादा, खूण केली. आता माझ्यात काय बदलायला पाहिजे?" गटप्रमुखाच्या पानावर अशा प्रश्नासाठी उत्तर छापलेलं होतं: तुम्ही जसे आहात तसे देव तुम्हाला स्वीकारतो, हे सांगा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा. पहिलं वाक्य खरंच आहे, त्यावरच आम्ही सगळे जगतो. पण पोराने विचारलं होतं काय? पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी यरुशलेमेतल्या लोकांनी येशूचा शिष्य पेत्र याला विचारलं, आम्ही काय करावं, तोच हा प्रश्न. पेत्राने तिथे आधी पश्चात्ताप सांगितला, मग बाप्तिस्मा. मी पान मिटलं आणि त्याला म्हटलं, आपण दोघं नंतर बोलू.

बोलताना त्याने सांगितलं ते असं. भंगार बाहेर जाताना रजिस्टरला वजन कमी लिहायचं आणि फरकाचे पैसे भंगारवाल्याबरोबर वाटून घ्यायचे. बरेच दिवस चाललेलं. कोर्समध्ये बसून त्याला आतून बरं वाटत होतं आणि दर शनिवारी हिशेबही होत होता. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या, कारण त्यांची गाठ पडेल असं कोर्समध्ये काही नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला बसलो. हात वर करणं, पुढे येणं, कार्डावर सही करणं हे सगळं प्रेषितांच्या काळापासून चालत आलंय असं आपण धरून चालतो. तसं नाही. अमेरिकेत १८३० च्या सुमारास चार्ल्स फिनी या सुवार्तिकाने सभेत पुढच्या बाकावर येऊन बसण्याची पद्धत रूढ केली आणि मग निर्णयाचा तो एक क्षण मोजता येऊ लागला. फिनी स्वतः पापाबद्दल अतिशय कडक बोलत असे. पुढच्या काळात त्याचं बाक तेवढं राहिलं, कडक बोलणं गळालं. शिकागोजवळची विलो क्रीक ही प्रचंड मंडळी १९७५ मध्ये सुरू झाली ती चर्चपासून दुरावलेल्यांना रुचेल अशी उपासना करायची म्हणून. जगभर तिचं अनुकरण झालं. त्याच मंडळीने २००७ मध्ये स्वतःची पाहणी छापली आणि उघड मान्य केलं की कार्यक्रमांतली हजेरी वाढली म्हणून माणसाचं देवावरचं प्रेम वाढतंच असं नाही. त्यांनी हे लपवलं नाही, याचा मला फार आदर वाटतो.

कोर्स बदलू या, असं पास्टोरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, पत्र लिहिलं. पाळकसाहेबांनी ते बैठकीत वाचायला घेतलं, तेव्हा पहिला सूर अपेक्षेप्रमाणेच आला: "आधी पोरं येऊ देत की, बाकीचं मागनं बघू." एकाने विचारलं, पाप-पाप करून आपल्या आजोबांच्या काळात काय वाढलं? दुसऱ्याची काळजी वेगळी होती आणि मला ती खरी वाटली. आजकाल बाहेरचं कुणी चर्चमध्ये येऊन बसलं तरी शंका घेतात. अशात जास्त कडक बोलून कशाला नसतं ओढवून घ्यायचं?

यावर मी जे बोललो त्यावर आजही ठाम आहे. बाहेरून येणाऱ्याला सगळं आधीच सांगणं हाच त्याचा मान आहे. ख्रिस्ताच्या मागे जायचं तर आपल्याकडे घर, नातेवाईक, लग्नाची स्थळं, सगळ्यावर परिणाम होतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला आणि लक्ष्मीबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी. ज्याने हे मोल माहीत असून पाऊल टाकलं त्याला कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. आधी फक्त मनःशांती दाखवायची आणि किंमत नंतर कळू द्यायची, यात मात्र फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. येशूने स्वतः बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब कर म्हणून सांगितलं. सगळं विकून गरिबांना दे हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा अट सैल करून त्याला परत बोलावलं नाही, आणि त्या तरुणावर येशूची प्रीती होती असं शुभवर्तमान लिहिणारा मार्कच लिहितो.

बैठक खरी वळवली ती रविवारच्या शाळेच्या जुन्या बाईंनी. आमच्या भागात काम प्रेस्बिटेरियन मिशनचं, त्यामुळे बाईंच्या पिढीने ख्रिस्ती श्रद्धा शिकवणारी १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरांची लहान पुस्तिका तोंडपाठ केलेली. एकूण १०७ प्रश्न. बाई उठल्या आणि पुस्तक न उघडता त्यांनी ८७ वं उत्तर म्हटलं. पश्चात्ताप म्हणजे पापाची खरी जाणीव होणं, ख्रिस्तामध्ये देवाची दया आहे हे ओळखणं, दुःखाने आणि तिटकाऱ्याने पापाला पाठ फिरवून देवाकडे वळणं आणि यापुढे त्याच्या आज्ञेत चालायचा पुरता निश्चय करून तसा प्रयत्न करणं. मग म्हणाल्या, "यातली दया मधोमध आहे बघा. ती काढून नुसतं पाप सांगाल तर पोरं पळतील, आणि पाप काढून नुसती दया सांगाल तर ती कशासाठी हे कुणालाच कळायचं नाही. गंगावेशीत समोर म्हशीची धार काढून दूध पिणारी माणसं आपण. देवाच्या घरात तेवढं पाणी घातलेलं चालतंय होय?" कमिटीने परवानगी दिली, जेवणाचा खर्चही मंजूर केला.

नवा कोर्स आम्ही फार काही लिहून काढला नाही. मार्कचं शुभवर्तमान घेतलं, १६ अध्याय, आणि ते क्रमाने वाचायचं ठरवलं. मार्कमध्ये येशूचं पहिलंच बोलणं आहे: "काळाची पूर्णता झाली आहे व देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." म्हणजे टाळायचा विषय पहिल्याच संध्याकाळी समोर आला आणि कुणीही उठून गेलं नाही. आठव्या अध्यायापर्यंत हा कोण आहे हा प्रश्न तापत जातो, पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो आणि लगेच वधस्तंभ उचलण्याची गोष्ट निघते. ही रचना इतकी चोख आहे की आम्हाला वेगळी पायरी बांधावी लागली नाही. मध्ये दोन संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानाकडे वळलो, एकदा बुरुजासाठी, एकदा लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणणाऱ्या जकातदार जक्कयासाठी. जेवण आणि मोकळे प्रश्न जुन्या कोर्समधले तसेच ठेवले. निर्णयपत्र काढलं. ज्याला पुढे जायचंय त्याने पाळकसाहेबांना भेटायचं, बाप्तिस्म्याची किंवा दृढीकरणाची (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने स्वतःचा विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याची) तयारी करायची, उपासनेला यायचं आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाबरोबर नियमित बसायचं.

एका संध्याकाळी कोल्हापूरच्या मिशनची गोष्टही सांगितली. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले, शाळा काढल्या, वर्षानुवर्षं राबले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा एक आधारस्तंभ झाला. पोरांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

गट आधीपेक्षा लहान झाला. एक मुलगा मार्कचा दहावा अध्याय, म्हणजे त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट, वाचल्यावर म्हणाला, मला हे झेपणार नाही, आणि यायचा थांबला. त्याला आम्ही अडवलं नाही. रस्त्यात भेटला की बोलतो, घरी गेलं की चहा देतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो. जक्कयाची गोष्ट वाचली त्या संध्याकाळी फाउंड्रीतला मुलगा काहीच बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने मला मालकाच्या केबिनबाहेर उभं राहायला नेलं, आत एकटाच गेला. मालकाने त्याला स्टोअरवरून काढून शॉप फ्लोअरवर टाकलं, नोकरी ठेवली. पगारातून दर महिन्याला रक्कम कापली जाते आणि भंगारवाला आता त्याच्याशी बोलत नाही. दृढीकरण झालं तेव्हा त्याची आई पहिल्या बाकावर होती.

ज्या संस्थेचा कोर्स होता त्यांचा आकडा विचारणारा फोन आला. आकडा देता येणार नाही म्हणून सांगितलं, कारणं पत्राने कळवली, उरलेल्या पुस्तिका परत पाठवल्या. पुढचा गट पाऊस ओसरला की सुरू करतोय. बाईंनी ८७ वा प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दिलाय, तो छापायला टाकलाय.