चामड्याचे बूट आणि आमचा पिनकोड : माझा अनुभव

रब्बीत आमच्याकडे शेतीची लाईन कित्येकदा रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर अंधारात वावरात उतरावंच लागतं, आणि धुऱ्यावरच्या गवतात घोणस असते हे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगावकडच्या माणसाला सांगायला नको. साप बहुतेक वेळा पायालाच चावतो. म्हणून घोट्याच्या वर येणारे आणि रोज दिवसभर घालता येतील असे चामड्याचे बूट घ्यायचं ठरवलं. पाण्यात उभं राहायला गमबूटच बरा, पण त्यात पाय उकडतो आणि तेच घालून बँकेत, बाजारात दिवस काढता येत नाही.

जवळच्या दुकानात मापाचा जोड नव्हता म्हणून मोबाइलवरून मागवला. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'फुल ग्रेन लेदर'. कातडीचा सगळ्यात वरचा थर न घासता तसाच ठेवला की त्याला फुल ग्रेन म्हणतात. त्यावर बारीक छिद्रं दिसतात, वाकवला की वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात, आणि टिकाऊपणा त्या थरातच असतो. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्याच्यावर प्लास्टिकचा लेप देऊन चकाकी आणतात आणि तो लेप बूट वाकतो तिथेच फुटून सोलतो.

खोका आला. त्याच्या बाजूच्या चिठ्ठीवर अप्परसमोर, म्हणजे बुटाच्या वरच्या भागासमोर, 'सिंथेटिक' छापलेलं होतं. बुटाची जीभ उलटून कापलेली कड पाहिली तर आत विणलेलं कापड. चामड्याची कड तंतुमय, नमद्यासारखी दिसते. कापड दिसलं की ते रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा लेप, मग वरून कितीही चामड्यासारखं दिसो.

खरा त्रास इथून सुरू झाला, आणि त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. परतीच्या अर्जात कारणांची यादी होती: साईज बसली नाही, रंग वेगळा, वस्तू फुटलेली, आता गरज नाही. 'सांगितलं एक, पाठवलं दुसरं' असं कारणच नाही! फोन लावला तर समोरचा मुलगा म्हणाला, "सर, 'पसंद नहीं आया' डाल देता हूँ, जल्दी हो जाएगा." मी नाही म्हणालो. आवडलं नाही म्हणून परत करणं आणि वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणून परत करणं, यात कायद्याने मोठा फरक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नुसतं आवडलं नाही म्हटलं की तुम्ही त्यांच्या मर्जीवर जाता. म्हणून त्यांनी काही का टाकेना, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लेखी पाठवा.

बरं, परत घ्यायला माणूस येणार तर तोही येईना. अ‍ॅपवर मेसेज, 'ग्राहक उपलब्ध नाही.' मी घरीच, आई घरी, गावात कोणी फिरकलंही नाही. पुन्हा फोन, पुन्हा नवी तारीख, पुन्हा तोच मेसेज. शेवटी एकाने खरं सांगितलं की आमच्या पिनकोडवरून परतीचा माल उचलायची सोयच नाही. म्हणजे बूट विकायला आमचा पिनकोड चालतो, उचलायला चालत नाही. हे पैसे घेण्याआधी का सांगत नाहीत? शेजारचे काका ऐकून म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, घालून टाक. काहून डोकं फोडून राह्यला?" मला ते पटलं नाही. माझ्या कापसाच्या पैशाने घेतलेली वस्तू आहे ती.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधला. तो पत्ता साईटवर देणं बंधनकारक आहे. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो, कापलेल्या कडेचा फोटो, तिन्ही जोडले. जाहिरात नंतर बदलली जाते, म्हणून स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. पोच आली, पुढे शांतता. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते, पण आमच्या बाबतीत तेवढ्याने हालचाल झाली. बूट स्पीड पोस्टाने पाठवा, पैसे देतो, असं कळवलं. टपालखर्च कोण देणार हे मी आधी लेखी मागितलं आणि मगच पार्सल केलं. पैसे खात्यात आले, टपालखर्चासकट. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

बूट शेवटी वणीच्या एका दुकानात घेतले. कोळशाच्या खाणी जवळ असल्याने कामाचे बूट तिथे मिळतात. सेफ्टी बुटावर आयएस 15298 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक असतो, तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. या मानकातल्या भाग 2 च्या बुटाला बोटांवर 200 ज्यूलचा आघात सोसणारी कडक टोपी असते. खाणीत ती हवीच, पण रोज शेतात चालायला ती जड होते. मी बिनटोपीचे, भाग 4 चे घेतले.

माप संध्याकाळी द्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. ओलिताला घालता तेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, चवडा दाबला जाऊ नये, आणि बूट वाकतो ती जागा तुमच्या चवड्याखालीच यावी. टाच किंचित उचलली जाते ती चामडं मऊ झालं की थांबते. पण बाजूने आवळत असेल तर घेऊ नका. 'वापरून सैल होतील' हे दुकानदाराचं बोलणं लांबीला लागूच नाही. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, म्हणून अर्धा नंबर मिळाला तर तोही घालून बघा.

काळ्या मातीसाठी खोल खाचांचा सोल नको, चिखल त्यात भरून बसतो आणि पाय उचलेना होतो. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असावी, काडीकचरा आत जात नाही. सोल कडेने शिवलेला असला तर मोची तो पुन्हा शिवून देतो. नुसता चिकटवलेला एकदा सुटला की पुन्हा धरेलच असं नाही.

ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. चुलीजवळ किंवा वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर ठेवले की चामडं कडक होऊन तडकतं.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं: खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, सोल दमट हवेत नुसता पडूनही वर्षांनी आतून कुजतो आणि चालताना भुगा होऊन गळतो. सवलतीत ठेवलेला जुना जोड कितीही नवा दिसला तरी तो घेऊ नका.