शिक्का बसलेली तिकिटे

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांचे दोन पंथ असतात. एका पंथाला कोरेच तिकीट लागते. मागचा डिंक शाबूत हवा, दातेरी कडा अखंड हव्यात आणि पुढे शाईचा ठिपकाही नको. दुसऱ्याला पत्रावरून उतरवलेले, शिक्का बसलेले तिकीट चालते. मी दुसऱ्या पंथातला आहे आणि त्यामागे काही थोर तत्त्व नसून मुंबईचा पावसाळा आहे.

गिरगावातल्या आमच्या चाळीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीही घामेजत. त्या दमट हवेत कोऱ्या तिकिटाचा डिंक ओलसर होई आणि तिकीट अल्बमच्या पानाला असे चिकटे की, सोडवताना एकतर पान फाटे, नाहीतर तिकीट. वडील फोर्टातल्या कचेरीतून रिकामी पाकिटे आणत; त्यांचे तिकिटाचे कोपरे कापून आम्ही ताटातल्या गार पाण्यात सोडत असू. थोड्या वेळाने तिकीट कागदापासून आपसूक सुटे, मग ते वर्तमानपत्रावर पालथे वाळवायचे आणि जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचे. डिंक धुऊन गेलेली ती तिकिटे पुढच्या कितीतरी पावसाळ्यांतून तरून गेली. बुरशीचे तपकिरी ठिपके मात्र दोन्ही पंथांना सारखेच छळतात.

नेहमीच्या वापराची तिकिटे संपली की पुन्हा छापतात. स्मारक तिकिटे एखाद्या निमित्ताने, ठरावीक संख्येनेच निघतात, म्हणून पाकिटावर ती दिसली की आमच्या घरी आनंद होई. हल्ली संग्राहक आधी विषय ठरवतात, कोणी पक्षी, कोणी पूल, कोणी क्रिकेट. आम्ही काहीच ठरवले नव्हते, तरी पुढे पाने चाळताना मुंबईचेच एक पान आपोआप जमलेले दिसले. त्यात 1953 सालचे रेल्वेच्या शताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट आहे. त्यावर 1853चे इंजिन आणि 1953चे इंजिन अशी दोन्ही आहेत, आणि बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या त्या पहिल्या गाडीची आठवण ज्या तिकिटाने करून द्यायची, त्याच्या नेमक्या जुन्या इंजिनावर शिक्क्याचा अर्धा वर्तुळाकार काठ उमटला आहे. 1971चे दादासाहेब फाळके त्याच पानावर आहेत, आणि वानखेडेवर सचिनचा दोनशेवा, अखेरचा कसोटी सामना सुरू झाला त्या दिवशी, म्हणजे 14 नोव्हेंबर 2013 रोजी निघालेली त्याची तिकिटेही.

मला सर्वांत प्रिय तिकीट मात्र महर्षी कर्व्यांचे. 1958 साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वाढदिवशी ते निघाले. तिकिटावर चित्र येण्यासाठी आधी माणूस जाऊन बराच काळ लोटावा लागतो, अशी माझी लहानपणी समजूत होती. ती या तिकिटाने मोडली. कर्वे पुढे 1962पर्यंत होते. त्या चार वर्षांत त्यांच्याच चित्राचे तिकीट लावलेले एखादे पत्र पोस्टमनने त्यांच्याच हाती दिले असेल का, हा विचार अजूनही मला मोहात पाडतो.

1948च्या स्वातंत्र्यदिनी निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी माझ्याकडे फक्त दीड आण्याचे आहे. दहा रुपयांचे प्रदर्शनात काचेआडून पाहिले. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या या माणसाची ही तिकिटे छापून आली स्वित्झर्लंडहून! त्याचे परिमार्जन म्हणूनच जणू 2011 साली गांधीजी खादीच्या कापडावर छापले गेले. त्याआधी, 2006 साली, चंदनाचा वास येणारे तिकीट निघाले होते. आईने ते दोन्ही नाकपुड्यांशी धरून हुंगले आणि देवघरात ठेवायला मागितले. खादी आणि चंदन ही दोन तिकिटे पाण्यात बुडवायचा धीर मला झाला नाही, त्यामुळे ती कोरीच राहिली आहेत आणि आमच्या पंथाला बट्टा लागला आहे.

आता कचेऱ्यांच्या पाकिटांवर यंत्राची छापील पट्टी असते आणि घरी येणारी पत्रे जवळजवळ थांबली आहेत. म्हणून मी विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या घुमटाखाली, जीपीओत, नवी स्मारक तिकिटे घेतो, घरी पाकिटावर लावतो, स्वतःचाच पत्ता घालतो आणि जवळच्या पोस्टात नेऊन देतो. गेल्या महिन्यात खिडकीवरच्या बाईंना म्हटले, ‘मॅडम, शिक्का जरा हलक्या हाताने मारा, संग्रहात ठेवायचे आहे.’ त्यांनी चष्मा वर सरकवला, शिक्का शाईला केवळ टेकवला आणि तिकिटाच्या कोपऱ्यावर फुलासारखा ठेवून उचलला. तिसऱ्या दिवशी पाकीट घरी आले. शिक्क्याची कड सुरेख उमटली होती. आतल्या तारखेतला एकही आकडा नव्हता. तारीख मी अल्बममध्ये खाली पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.