लघुपटाची आखणी रेखाटनांतून

पटकथेत ‘त्याला आईची आठवण येते’ असे वाक्य सहज लिहून होते आणि वाचताना ते कोणाला खटकतही नाही. पण तेच वाक्य चौकटीत रेखाटायला बसले की पेन्सिल थांबते. कपाटातून तिच्या चष्म्याचे घर काढून, ते उघडून पुन्हा मिटणारा हात मात्र रेखाटता येतो. पडद्यावर नेमके काय दिसणार आहे, हे चित्रीकरणाच्या आधीच ठरवायला लावणे हे स्टोरीबोर्डचे, म्हणजे चित्रपटातील दृश्ये क्रमाने रेखाटलेल्या चौकटींचे, मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

चित्रकला येत नाही म्हणून अनेक जण हा टप्पा गाळतात, याचे मला वाईट वाटते. काडीची माणसेही पुरतात. फक्त चौकट ज्या प्रमाणात चित्रीकरण होणार त्याच प्रमाणात, म्हणजे बहुधा १६:९ (रुंदी:उंची), आखलेली असावी आणि माणूस तिच्यात किती मोठा, कोणत्या बाजूला व कुठे पाहणारा आहे, हे स्पष्ट असावे. पात्राची हालचाल आणि कॅमेऱ्याची हालचाल वेगवेगळ्या बाणांनी दाखवली, तर छायालेखकाला विचारत बसावे लागत नाही.

सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी (१९५५) रूढ पद्धतीची पूर्ण पटकथा न लिहिता टिपणे आणि शाईची रेखाटने यांच्या आधारे काम केले. ते जाहिरातसंस्थेत चित्रकार होते, त्यामुळे हात तयार होता हे खरे. पण त्या रेखाटनांतून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रसंगाचा दृश्य म्हणून केलेला विचार.

चष्म्याच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहू. मुलगा खोलीत येतो, कपाट उघडतो, घर हातात घेतो, आणि दारात उभी असलेली बहीण ते पाहते, अशा चार चौकटी शेजारी शेजारी मांडल्या की कपाट उघडण्याची चौकट अनावश्यक असल्याचे लगेच लक्षात येते. मुलगा उजवीकडे पाहत असेल तर बहिणीने डावीकडे पाहायला हवे, नाहीतर संकलनात ती दोघे एकमेकांकडे पाहत असल्याचा भास मोडतो. यासाठी खोलीचा वरून दिसणारा आराखडा काढून दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा आखावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा.

चौकटी तयार झाल्यावर त्यांचे फोटो काढून संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंदाजे कालावधीनुसार लावावेत आणि संवाद स्वतःच्या आवाजात वाचून जोडावेत, म्हणजे कागदावर छोटा वाटलेला प्रसंग प्रत्यक्षात किती रेंगाळतो ते ऐकू येते. चित्रीकरणाच्या दिवशी कलाकाराला याहून चांगले काही सुचले तर ते अवश्य घ्यावे. मात्र तो शॉट पुढच्या चौकटीला जुळतो की नाही, एवढे त्याच वेळी तपासून घ्यावे.