चौथा चहा

नाताळच्या सुट्टीत नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलं ते माझ्या मनाविरुद्ध, हे आधीच सांगून टाकते. मुलाला समुद्र हवा होता, मला नुसती झोप हवी होती. पण कोकणात बुकिंग करायला आम्ही उठलो डिसेंबरच्या दहा तारखेला, तेव्हा सगळीकडून एकच उत्तर आलं, फुल्ल. सासूबाई या क्षणाची वाटच बघत होत्या. त्यांचा कुठलासा जुना नवस राहिला होता. दत्तजयंती होऊन गेलीय, आता वाडीला कुणी नसेल, निवांत दर्शन होईल, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

कुणी नसेल! पंचवीस तारखेला सकाळी खंबाटकी घाटात आम्ही पावणेदोन तास एकाच वळणावर उभे होतो, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या आजींना सासूबाईंनी काच खाली करून विचारलं, कुठे निघालात? "वाडीला." सासूबाईंनी काच वर केली.

पुढचा रस्ता बरा होता. जयसिंगपूर सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, डोंगराएवढ्या भरलेल्या, आणि टेपवर गाणी इतकी मोठ्याने की मागून वाजवलेला हॉर्न चालकाच्या कानावर जायची शक्यताच नाही. पहिल्या दिवसाचं बाकी काही सांगण्यासारखं नाही. रांग, घाम, धक्के, आणि पादुकांपुढे मिळालेले जेमतेम चार सेकंद. सासूबाईंचे डोळे भरून आले. माझ्या मनात तेव्हा चप्पल नेमकी कुठे काढली हाच विचार होता.

माझं त्या दिवसांत असंच चाललं होतं. बहिणीने दिवाळीला मला एक डायरी दिली होती. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल मनापासून आभार मानावेसे वाटतात. पहिल्या आठवड्यात मी रोज 'तब्येत, घर, मुलगा' लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात 'वरीलप्रमाणे'. ती डायरी मी वाडीलाही नेली होती आणि ती बॅगेच्या तळाशीच राहिली.

उतरलो होतो एका पुजाऱ्यांच्या घरी. वाडीत ही जुनी पद्धत आहे, घराण्याचे पुजारी ठरलेले असतात, राहायचं-जेवायचं त्यांच्याकडेच. सासूबाईंच्या मते याच्यासारखं सुख नाही. माझं मत वेगळं आहे. न्हाणीघर अंगणापलीकडे, झोपायला गाद्या पण खाली, आणि पैशांचं विचारलं की "काय द्यायचं ते द्या." मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. भिंतीवर दरपत्रक लावा, मी मुकाट्याने देईन. 'काय द्यायचं ते' याचा हिशेब करताना रात्री मी आणि नवऱ्याने कुजबुजत भांडण केलं. जेवण मात्र असं की भांडण विसरावं. कृष्णाकाठची वांगी, गरम भाकरी, वर बासुंदीची वाटी. बंबातलं कढत पाणीही, मान्य करते, आमच्या गीझरच्या तोंडात मारेल असं.

आणि चहा. घरातल्या काकू सत्तरीच्या पुढच्या असतील. बसल्याबसल्या चहा, आंघोळीआधी चहा, आंघोळीनंतर चहा, दर्शनाहून आलात तर "दमलाय की, घ्या अर्धा कप." नको म्हटलं की कप समोर येतोच. बरं, फक्त आम्हालाच नाही. दूधवाला, फुलं देणारी बाई, पत्ता विचारायला दारात थांबलेली कुठलीशी जोडपी, कुणी सुटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या कपाला मी जरा तुटकपणे म्हणाले, "काकू, मला पित्त होतं हो." त्या हसल्या आणि आल्याचा तुकडा घालून चौथा टाकायला आत गेल्या.

त्यांच्यामागे मी स्वयंपाकघरात गेले, नाही म्हणायलाच. तिथे दाराची चौकट दिसली.

जुनी सागवानी चौकट. एका बाजूला पेन्सिलीच्या आडव्या रेघा, त्यांच्यापुढे तारखा. नातवंडांची उंची. अशा रेघा बऱ्याच घरांत असतात. दुसऱ्या बाजूला लाल ऑइलपेंटच्या रेघा होत्या. साधारण माझ्या कमरेशी २००५. माझ्या कपाळाच्या जरा वर २०२१. आणि २०१९ची रेघ चौकटीवर नव्हतीच. ती चौकटीच्या वर, भिंतीवर होती.

मी तिथेच मान वर करून उभी राहिले. आम्ही पुण्यात टीव्हीवर तो ऑगस्ट पाहिला होता, बोटी, छपरांवरची माणसं, सगळं. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून, ओट्यावर दूध तापत असताना, डोक्याच्या दीड हात वर पाण्याची पातळी बघणं वेगळं असतं.

वाडीचं नदीशी नातं विचित्र आहे. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम इथेच, देऊळ अगदी काठाला. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने बांधलं, त्याच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून, असं इथे सगळे सांगतात. पावसाळ्यात पाणी चढतं, उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात आंघोळ करायला लांबलांबून लोक येतात. म्हणजे पाणी देवळात शिरलं की सण. तेच पाणी आणखी चढून घरात शिरलं की महापूर. मधली रेघ कुठे असते, हे मी काकूंना विचारलं.

"रेडिओवर असते," त्या म्हणाल्या. "राजाराम बंधारा एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. आमची पोरं क्रिकेटचा स्कोअर ऐकतात तसं आम्ही ते ऐकतो." २०१९ साली कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या त्या बंधाऱ्याचा आकडा ५५ फुटांच्या वर गेला होता. पाणी अंगणात आलं तेव्हा काकूंनी रीतीप्रमाणे कृष्णामाईची ओटी भरली. हळद-कुंकू, खण, नारळ. दर मोठ्या पाण्याला भरतात. माई दारात आली की तिला माहेरवाशिणीसारखंच करायचं. संध्याकाळी त्यांना बोटीतून बाहेर काढलं.

"मग राग नाही आला?" मी विचारलं. खरं सांगते, मला एखादं श्रद्धाळू उत्तर अपेक्षित होतं आणि ते ऐकून मनातल्या मनात नाक मुरडायचीही माझी तयारी होती.

"आला की. लई आला. सहा महिने घाटाकडे फिरकले नाही मी."

"मग परत कशा गेलात?"

"सुनेचं बाळंतपण आलं. देवाला पाणी आणायला घरात दुसरं होतंच कोण?" दूध उतू जाणार होतं, त्यांनी गॅस बारीक केला. "कळशी घेऊन गेले, भरली, आले. दुसऱ्या दिवशी परत गेले."

एवढंच. मी थांबून राहिले, पण त्यापुढे काही आलं नाही.

आलं ते वेगळंच. पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळ होता. देवघर, कपाटं, लग्नातली पितळी भांडी, फोटो, सगळं त्यात. घरातले सगळे नुसते दारात उभे, हात कुठे घालायचा कळेना. तेवढ्यात एका टेम्पोतून सात-आठ पोरं उतरली. कॉलेजची असावीत. कुठली, ते काकूंना आजतागायत माहीत नाही. विचारायचं सुचलंच नाही. त्यांनी फावडी घेतली आणि दोन दिवस गाळ काढला. एक पोरगा देवघरासमोर मांडी घालून बसला आणि गाळातून एकेक टाक शोधून, पुसून, वर्तमानपत्रावर मांडत गेला. सगळे देव सापडले, एक बाळकृष्ण सोडून. मग पोरं पुढच्या गल्लीत गेली.

"आणि बघा," काकू म्हणाल्या, "त्यांना मी कपभर चहा दिला नाही. गॅस नाही, दूध नाही, साखरेचा डबा पाण्यात गेलेला. दोन दिवस राबली हो पोरं माझ्या घरात. आली तशी तोंड कोरडं ठेवून गेली." हे सांगताना त्यांचा आवाज हलला. घर बुडाल्याचं सांगताना हलला नव्हता.

मी चौथा कप घेतला. पित्त झालं, लपवत नाही.

त्या दिवशी पहाटे न उठल्याची रुखरुख लागली म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घाटावर गेले. साडेपाचला, कडाक्याच्या थंडीत. डिसेंबरातली कृष्णा अगदी खाली, गप्प, पायऱ्यांवर पायऱ्या उघड्या पडलेल्या. मला वाटलं होतं काकू हात जोडतील, काही म्हणतील. त्यांनी पदर खोचला, कळशी भरली, आणि मला म्हणाल्या, "ती खालची पायरी बघून, शेवाळ आहे." एक हात कळशीला, एक माझ्या दंडाला धरून त्या वर आल्या. देवळात 'दिगंबरा दिगंबरा' सुरू झालं होतं. त्या वेळी रांग नव्हती. पादुकांपुढे मला दोन मिनिटं तरी मिळाली असतील. काय मागितलं, ते इथे लिहीत नाही. मागितलं नाही काही, खरं तर. त्या गाळातल्या पोराचा चेहरा कसा असेल, याचाच विचार करत उभी होते.

खिद्रापूरला जायचं होतं, कोपेश्वराचं देऊळ बघायला, ते राहिलं. कवठाची बर्फी घेतली, तीही जास्तच.

निघताना काकूंच्या नातीने माझ्या मुलाला चौकटीला टेकवून उभं केलं. कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तसं, "थांब, मी पट्टी घेऊन येतो," म्हणाली आणि पेन्सिलीने त्याच्या डोक्यावर रेघ मारली. तारीख घातली. तो २००५च्या बराच वर होता आणि २०२१च्या वीतभर खाली. नवऱ्याने बाहेर गाडी सुरू केली होती. उशीर झाला तर साताऱ्यापुढे अडकू, हे त्याने सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं.

"थांबा की," आतून काकूंचा आवाज आला, "टाकलाय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने गाडी बंद केली. साताऱ्यापुढे आम्ही अडीच तास अडकलो.