मलपृष्ठावरचं कलम १५

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी बेळगावात, शहापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, हौशी कवितासंग्रह. कादंबरी क्वचितच. ही कादंबरी लिहिणाऱ्या बाई मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, कारवारला सागरी जीवशास्त्राचं काम करणाऱ्या, आणि हे त्यांचं पहिलंच पुस्तक.

गोष्ट दत्तकाची. थोरल्या बहिणीची मुलगी धाकटीनं आणि तिच्या नवऱ्यानं रीतसर दत्तकपत्र नोंदवून घेतलेली. गावाला ठाऊक, मुलीलाही ठाऊक. पुढे वाढवणारी आई वारते. तेराव्याला जन्म देणारी ‘मावशी’ पंगतीत वाढत असते. पोरीच्या पानात भात घालते, वर तूप सोडते, आणि ‘अजून घे’ म्हणायचं ते कुठल्या नात्यानं, हे न सुचून पुढच्या पानाकडे सरकते. त्या प्रसंगात मी एक स्वल्पविरामही हलवला नाही. बाकी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत बाईंचा आनंदच होता.

शेवटची मुद्रितं बघायला त्या स्वतः आल्या. मालकांनी मलपृष्ठाचा मजकूर आधीच लिहून, जुळवून ठेवला होता : ‘१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला हिंदू दत्तक कायदा झाला. दत्तक दिल्या गेलेल्या सीमाभागाची ही वेदना...’ तारखा बरोबर होत्या. मालक स्वतःच्या कल्पनेवर बेहद्द खूश.

बाईंनी वाचलं. “काका, माझ्या कादंबरीत सीमाप्रश्न कुठाय?”

“नसू दे की मॅडम. पुण्या-मुंबईची माणसं आमचं पुस्तक हातात घेतात ते ह्याच्यासाठीच. नाहीतर बेळगावची कादंबरी घेणार कोण?”

खोटं नव्हतं ते. इथल्या माणसानं प्रेमकविता लिहिली तरी परीक्षणात सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग डोकावतोच. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत मीही चालत आलोय. पण म्हणून आमच्या घरातलं प्रत्येक मरण सीमाप्रश्नाच्याच खात्यात का मांडायचं?

विषय तिथंच सोडून आम्ही खानावळीत गेलो. ढोम्याचं कालवण होतं. बाईंनी माशाचं डोकं बोटांनी उकललं, आतून दोन पांढरे, टणक खडे काढले आणि कागदावर पुसून ठेवले. तुरीच्या डाळीएवढे.

“हे माशाच्या कानातले. मासा वाढेल तसे ह्याच्यावर चुन्याचे थर चढतात. पिल्लू असताना तर रोजचं एक वलय. पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मोजता येतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, नदीच्या कमी. ते थरात उतरतं. म्हणून मासा खाडीत वाढला की बाहेर, तेही काढता येतं.”

“म्हणजे मासा मूळचा कुठला ते समजतं,” मी म्हटलं.

“कुठलं पाणी ते समजतं, सर. कुणाच्या पोटचा ते नाही.”

कादंबरीतली मुलगी आई गेल्यावर रात्र-रात्र खडेच का कापत बसते, ते मला तेव्हा उमगलं. मालक मात्र एकदम म्हणाले, “हे मागं घालूया की! सीमाभागाचं पाणी!”

परत आल्यावर बाईंनी लाल पेन मागून घेतलं. “काका, तो कायदा तुम्ही तारखेपुरताच बघितलात. त्यातलं कलम १५ बघा. रीतसर झालेलं दत्तक कुणाला रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्या मुलालाही ते नातं सोडून जन्मघरी परतता येत नाही. सीमाभाग दत्तक गेला असं छापलंत, तर सीमाप्रश्न मागच्या पानावर तुम्हीच निकाली काढलात की.”

आधी हसला तो आमचा अक्षरजुळणी करणारा मुलगा. त्याच्या घरी कन्नड बोलतात. मालकांनी वकील भाच्याला फोन लावला, कलम वाचून घ्यायला सांगितलं, दोनदा ‘खरंच?’ म्हणाले. फोन ठेवून त्या मुलाला म्हणाले, “काढ रे ते सगळं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा चाललाय, आणि आपण हिकडं काय छापालोय!”

मग बाईंनी चार साध्या ओळी सांगितल्या. ‘सागरी जीवशास्त्रज्ञ’ ठळक टाकायचं, एवढं मालकांनी पदरात पाडून घेतलं.

“टाका. पण कव्हरवर मासा नको.”

चित्रकारानं कव्हरभर बांगडा काढून पैसेही नेले होते. त्यावरनं संध्याकाळपर्यंत चाललं.