रिलीफ पिचरचा हिशेब: रन नेमका कुणाच्या खात्यावर?

क्रिकेटमध्ये चेंडू ज्याचा, त्यावर फटकावलेली धाव त्याच्या नावावर, विषय संपला. मेजर लीग बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, रिलीफ म्हणजे मॅच सुरू असताना त्याच्या बदली आलेला) आला की हा सरळ हिशेब मोडतो. रन झाला (रनर सगळे बेस, म्हणजे थांबे, फिरून घरी पोहोचला) तेव्हा पिचिंग कोण करत होता यापेक्षा तो रनर, म्हणजे बेसवर पोहोचलेला बॅटर, कुणाच्या काळात आला, हे आधी बघतात.

समजा, एकही आउट नसताना 'अ' पिचरने पहिल्या बॅटरला वॉक (चार चुकीचे चेंडू, म्हणून फुकट फर्स्ट बेस) दिला आणि मॅनेजरने त्याच्या जागी 'ब'ला आणलं. दुसऱ्या बॅटरचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), आधीचा रनर सेकंडवर फोर्स-आउट (मागच्या बॅटरला जागा द्यायला पळावंच लागलं, पण चेंडू आधी पोहोचला), बॅटर फर्स्टवर सेफ. तिसऱ्याने होम रन (मैदानाबाहेरचा फटका, बेसवरचे सगळे आणि बॅटरही घरी) ठोकला. दोन्ही रन 'ब'ने खेळवलेल्या बॅटरांचे, तरी एक 'अ'च्या खात्यावर जातो आणि एकच 'ब'च्या. नियम इथे माणसं मोजत नाही, संख्या मोजतो. 'अ'ने एक रनर मागे ठेवला, म्हणून एका रनपर्यंत जबाबदारी त्याची. पण तोच रनर स्टील (फटक्याशिवाय पुढचा बेस पळवणं) करताना किंवा पिकऑफवर (बेस सोडून पुढे सरकलेला असताना अचानक तिथे चेंडू फेकून) आउट झाला असता, तर बॅटरचा त्यात हात नाही, म्हणून 'अ' सुटला असता. स्कोअरशीट लिहिताना हमखास चूक होते ती इथेच. सोपा उपाय: प्रत्येक रनरशेजारी जबाबदार पिचरचा नंबर लिहा आणि फोर्स-आउट झाला की तो नंबर नव्या रनरकडे सरकवा.

बॅटरचा टर्न अर्धा झालेला असताना पिचर बदलला तर? बॉल (चुकीचा चेंडू) आधी, स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला योग्य चेंडू) नंतर असं वाचा: २-०, २-१, ३-०, ३-१ किंवा ३-२ असताना नवा पिचर आला आणि वॉक झाला, तर तो आधीच्याच्या नावावर. २-२ असेल तर नव्याच्या. आणि वॉकऐवजी हिट बसली, तर काउंट, म्हणजे हा बॉल-स्ट्राइकचा आकडा, काहीही असो, नव्याचीच.

अर्न्ड रनची, म्हणजे फिल्डरच्या चुकीशिवाय झालेल्या आणि म्हणून पिचरच्या माथी बसणाऱ्या रनची, गंमत याहून खाशी. दोन आउट आहेत, शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फिल्डरने) हातातला ग्राउंडर सोडला. इनिंग तिथेच, तिसऱ्या आउटवर, संपायला हवी होती. मग 'ब' आला आणि पहिल्याच बॅटरने दोन रनचा होम रन मारला. टीमच्या हिशेबात दोन्ही रन अनअर्न्ड. पण आपण येण्यापूर्वी सुटलेल्या आउटचा फायदा रिलीफ पिचरला मिळत नाही, त्यामुळे होम रन मारणाऱ्याचा रन 'ब'च्या नावावर अर्न्ड. म्हणजे पिचरांच्या अर्न्ड रनची बेरीज एक आणि टीमची शून्य! बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) असा फरक दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

सेव्ह, म्हणजे आघाडी टिकवून मॅच संपवल्याचं श्रेय, १९६९पासून अधिकृत झाला. जिंकलेली मॅच संपवणारा, पण विजय ज्याच्या नावावर लागलेला नाही असा पिचर त्याला पात्र ठरतो. एक तर तीन किंवा कमी रनच्या आघाडीवर येऊन पूर्ण इनिंग टाकायची. नाहीतर बरोबरी करू शकणारा रनर बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पुढच्या नंबरवर असताना यायचं आणि निदान एक आउट मिळवायचा. किंवा शेवटच्या निदान तीन इनिंग टाकायच्या. या तिसऱ्या वाटेने २२ ऑगस्ट २००७ रोजी टेक्सास रेंजर्सच्या वेस लिटलटनला सेव्ह मिळाला. तो आला तेव्हा स्कोअर १४-३ होता, संपला ३०-३ वर. माझ्या मते ही वाट बंदच करायला हवी. २७ रनच्या विजयात वाचवायला उरतं काय?

विजय कुणाच्या नावावर, यात मात्र ऑफिशियल स्कोअररचा (मॅचची अधिकृत नोंद ठेवणाऱ्याचा) शब्द चालतो. टीम आघाडीवर असताना गेलेल्या स्टार्टरने (मॅच सुरू करणाऱ्या पिचरने) पाच इनिंग पूर्ण केल्या नाहीत आणि आघाडी टिकली, तर सर्वांत परिणामकारक रिलीफ पिचर तोच निवडतो. थोडाच वेळ येऊन आघाडी घालवलेल्या पिचरला, पुढे टीमने मारलेल्या रनांच्या जोरावर विजय मिळत असेल, तर तो विजयही स्कोअरर नाकारू शकतो.

याचं दुसरं टोक म्हणजे कोलोराडो रॉकीजचा अॅलन एम्ब्री. ७ जुलै २००९, वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध ४-४, आठवी इनिंग, दोन आउट. एम्ब्रीने फर्स्टवरच्या रनरला पिकऑफ केलं, इनिंग संपली. रॉकीजने आपल्या पाळीत रन काढला, मॅच ५-४ अशी जिंकली आणि आघाडी घेतली तेव्हा पिचर तोच होता, म्हणून विजय एम्ब्रीचा. बॅटरला त्याने एकही पिच टाकला नव्हता. २०२०पासून पिचरला निदान तीन बॅटर खेळवावे लागतात, पण इनिंग संपली तर सूट आहे, म्हणून आजही हे चाललं असतं. फक्त तो पुढच्या इनिंगला परत आला, तर तीनचा कोटा पुरा करणं भाग. दुखापत झाली तर गोष्ट वेगळी.

रेग्युलर सीझनमध्ये एक्स्ट्रा इनिंगला (नऊ इनिंगनंतरही बरोबरी असेल तर खेळतात ती) आता सेकंडवर रनर ठेवूनच सुरुवात होते. त्याला एररवर (फिल्डरच्या चुकीवर) आलेला मानतात, पण एरर कुणाच्याच नावावर लागत नाही. दोन साध्या आउटवर तो घरी पोहोचला, तिसराही आउट झाला आणि मॅच हरली, तर पिचरच्या नावावर: एक इनिंग, शून्य हिट, शून्य वॉक, शून्य अर्न्ड रन आणि एक पराभव.