तुम्ही विचारलंत म्हणून: गणपतीला इंदूरहून कोकणात, आपल्या गाडीने

श्रावण लागला की हा प्रश्न हमखास येतो. "गणपतीला गावी जायचंय. रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळालं नाही, बसमध्ये आई-बाबांचे हाल होतात. गाडीने निघू म्हणतो. पाच माणसं, दहा दिवस. काय काय तयारी करायची?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न असतो, "आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घेतलं की झालं ना?"

नाही झालं. खरं तर आदल्या दिवशी गाडी गॅरेजात नेणं हीच सगळ्यात मोठी चूक. जे उघडलं जातं तेच पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये बिघडतं. तेल बदललं तर खालचा नट किंवा फिल्टरचा रबर नीट न बसल्याने थेंब थेंब गळती होते. कूलंट बदललं तर नळीत हवा अडकून राहते आणि चढावर तापमानाचा काटा वर जातो. नवे ब्रेक पॅड डिस्कवर घासून बसायला शेदोनशे किलोमीटर तरी लागतात, तोवर ब्रेक पूर्ण धरत नाही. चाकं काढून बसवली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून पाहावे लागतात, आणि ते सहसा कुणी पाहत नाही. हे सगळं घरापासून पाच किलोमीटरवर कळलं तर वैताग होतो. सेंधव्याच्या पुढे कळलं तर दिवस जातो.

म्हणून गॅरेजचं काम निघण्याच्या किमान दहा दिवस आधी उरका आणि मग गाडी रोजच्या वापरात ठेवा. मधल्या रविवारी सगळ्यांना बसवून जानापावला जाऊन या. महूच्या पुढे, पुढच्या आठवड्यात धरायच्या त्याच आग्रा-मुंबई महामार्गाने. टेकडीचा चढ-उतार ही गाडीची बरी परीक्षा आहे. पूर्ण भरलेली गाडी चढताना काटा कुठवर जातो, उतरताना ब्रेकचा वास येतो का, स्टीअरिंग थरथरतं का, हे तिथे कळतं. घरी आल्यावर रात्रभर गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा डाग नसला तर बरं. एसीचं पाणी पडलं असेल तर ते वाळून गेलेलं असतं, त्याने घाबरू नका.

मेकॅनिकला "सगळं बघून घे" असं सांगितलं की तो धुऊन-पुसून देतो. नेमकं सांगा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, ओलावा वाढला की कमी तापमानाला उकळतं आणि लांब उतारावर पॅडल एकदम मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या. वायपरची रबरं नवी घाला, ती स्वस्त असतात, आणि जुन्या रबराने कोकणच्या पावसात काच पुसली न जाता फक्त फासली जाते.

टायरबद्दल जरा सविस्तर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा टायर दिसायला कितीही छान असला तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. पावसाळी घाटासाठी आमचं मत विचाराल तर ३ मिलिमीटरच्या खालच्या टायरवर जाऊ नये. टायर गोटा व्हायची वाट पाहू नका.

हवा किती, हे पंपावरच्या पोराला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला तक्ता असतो, त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेगळे दिलेले असतात. भरलेल्या गाडीला, विशेषतः मागच्या चाकांना, जास्त हवा लागते. "गरम झाल्यावर वाढते म्हणून दोन कमी भरतो" हे ऐकू नका. तक्त्यातला आकडा थंड टायरचाच असतो. कमी हवेचा टायर कडांवर वाकत राहतो, त्यानेच जास्त तापतो आणि फुटतो.

स्टेपनीची हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आज बघा. स्टेपनी बारीक, कमी रुंदीची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक ताशी ८० किलोमीटर. त्या चाकावर गावापर्यंत जायचं नसतं, पंक्चरच्या दुकानापर्यंत जायचं असतं. आणि घरासमोर एकदा जॅक-पाना काढून एक नट सोडवून पाहा. गॅरेजात हवेच्या मशीनने नट इतके आवळतात की घरच्या पान्याने, वर उभं राहूनही, हलत नाहीत. तसं असेल तर गॅरेजमध्ये हाताने आवळून घ्या. अलॉय चाकांना चोरी टाळण्यासाठीचा कुलपी नट असेल तर त्याची खास किल्ली गाडीतच आहे ना, हेही बघा. ती बरेचदा घरच्या कपाटात असते.

आता वजन. पाच माणसं सरासरी ६० किलो धरली तरी ३०० किलो झाली. लहान गाडी एकूण ४०० ते ४५० किलो पेलते, म्हणजे सामानाला शंभर ते दीडशे उरले. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की मिळतो. त्यात वीस लिटर पाणी, गौरीच्या साड्या, पाहुण्यांच्या भेटी आणि सेव. गावी सेव न नेणारा इंदूरकर अजून जन्मायचा आहे, आणि तो पाच किलोवर थांबत नाही. सेव वजनाने फार नसते, पण जागा खाते आणि खाली गेली तर भुगा होते. अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं बंद करून घ्या. कोकणच्या दमट हवेत मोठं पाकीट एकदा फोडलं की संध्याकाळपर्यंत सादळतं. लौंगची सेव आणि साधी सेव एकत्र बांधू नका, साधीला लवंगेचा वास लागतो.

जड सामान डिकीत खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा वर काहीही रचू नका. जोरात ब्रेक लागला की डब्याची गोफण होते. टपावर कॅरिअर लावणार असाल तर टप किती वजन पेलतो ते पुस्तिकेत आहे, ते बहुतेक वाटतं त्यापेक्षा कमी असतं. वर फक्त हलकं आणि फुगीर ठेवा: गाद्या, मखराचं सामान, कपडे, जाड ताडपत्रीत. ताडपत्रीचं तोंड मागच्या बाजूला असू द्या, नाहीतर वारा आत शिरून दोऱ्या सैल करतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगच्या उजव्या हाताला शून्य ते तीन आकड्यांचं लहान चाक असतं, ते याचसाठी. डिकी भरलेली असेल तर दोन किंवा तीनवर ठेवा.

सीएनजी असेल तर टाकीने डिकी आधीच खाल्लेली असते. गॅसवर गाडी चढाला थोडी मंद पडते, आणि कोकणात पंप विरळ. पेट्रोलची टाकी भरून घ्या आणि निघण्याआधी दोन-चार दिवस पेट्रोलवर चालवून पाहा. महिनोन्महिने न वापरलेलं पेट्रोल घाटात पहिल्यांदा वापरून बघण्यात काही अर्थ नाही.

रस्ता आणि वेळ. "रात्री जेवून निघू, रस्ता मोकळा मिळेल" हा आवडता बेत आम्हाला पटत नाही. रात्री या रस्त्यावर ट्रकच असतात, आणि पहाटे दोन ते पाच चालवणाऱ्याचा डोळा लागायची वेळ. त्यापेक्षा पहाटे साडेचारला निघा. मानपूरच्या पुढे विंध्याचा उतार लागतो. भरलेल्या ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी तिथला गणपती घाट कुप्रसिद्ध होता, तेव्हा उतारावर ट्रकच्या पुढ्यात राहू नका. खलघाट साधारण ८० किलोमीटरवर, नर्मदेवर उजाडेल. मैयाला नाणं वाहायला पुलावर गाडी थांबवू नका. पूल ओलांडून कडेला थांबा, हात तिथूनही जोडता येतात. बिजासन घाट उतरून खानदेशात शिरलं की धुळं सुमारे २६० किलोमीटरवर, नाशिक सव्वाचारशेच्या आत-बाहेर.

नाशिकला मुक्काम करायचा मोह टाळा. दुसऱ्या दिवशी पुणे आडवं येतं, आणि चाकणची कोंडी अख्खी सकाळ गिळते. जमलं तर संगमनेर ओलांडून नारायणगावाजवळ मुक्काम करा, म्हणजे पहिल्या दिवशी साडेपाचशे किलोमीटर, दर दोन तासांनी थांबून बारा-साडेबारा तास. दुसरा चालवणारा नसेल तर मात्र नाशिकलाच थांबा आणि प्रवास तीन दिवसांचा करा. नारायणगावहून पहाटे पाचला निघालात तर चाकण आणि पुण्याचा बायपास गर्दीआधी मागे पडतो, आणि कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट दिवसाउजेडी उतरता येतो. सगळा हिशेब या एका गोष्टीसाठी आहे. पावसाळ्यात घाटात अंधार, धुकं आणि दरडीचे दगड एकत्र नकोत. रत्नागिरी-लांज्याकडे जायचं असेल तर कोल्हापूरवरून आंबा घाट. घाट चालू आहे का, हे आदल्या रात्री गावच्या माणसालाच फोन करून विचारा. नकाशाला दरड उशिरा कळते.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, ऑटोमॅटिक असेल तर एल (लो) किंवा मॅन्युअलमध्ये. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. त्यात इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होतो. काच आतून धुरकटली तर पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण लावा.

डब्यात दशम्या घ्या, दुधात भिजवलेल्या. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते, दशमी मऊ राहते. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. ओलं खोबरं आणि कांदा घातलेलं काहीही दुपारपर्यंत संपवा. पोळ्या-पुऱ्या पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि त्यानेच बुरशी येते. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको. गोळी डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या आधी तासभर, घाटात उलटी झाल्यावर नव्हे. आई-बाबांच्या रोजच्या गोळ्या हातपिशवीत ठेवा. त्या हटकून डिकीतल्या सगळ्यात खालच्या बॅगेत सापडतात.

कागदपत्रांचं फार नाही. आरसी, विमा, लायसन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, फक्त तारखा बघून घ्या. फास्टॅगमध्ये अडीच हजार तरी ठेवा. टॅग चालला नाही तर टोल जास्त पडतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून निघालेला वार्षिक पास असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर नाही.

घरी नर्मदेच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करून जा. नळ एकाआड एक दिवस येतो आणि टाकीचा फ्लोट अडकला तर पाणी गच्चीवरून थेट शेजाऱ्यांकडे जातं.

परतीचा भार लक्षात ठेवा. जाताना सेव असते, येताना नारळ, आणि सोललेला नारळ अर्धा किलोच्या पुढेच भरतो. काकूंनी प्रेमाने दिलेले पन्नास नारळ म्हणजे पंचवीस-तीस किलो, वर तांदळाचं पोतं. निघायच्या सकाळी हवा पुन्हा तक्त्याप्रमाणे भरा. गावात पंप लांब असेल तर बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप इंदूरहूनच न्या. आणि नारळ डिकीत सुटे टाकू नका, पोत्यात बांधा. प्रत्येक वळणावर ते दाराला धडका देत कुंभार्ली चढतात, आणि मागे बसलेल्यांना झोप लागत नाही.